पूल बुडाला की नाही, एवढं तरी सांगा

जुलै 2021. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. वेदगंगेच्या काठावरचं मामांचं गाव, आणि मी पडवीत रेंज शोधत उभा. गोठ्यातली जनावरं आत्ता हलवायची की सकाळपर्यंत थांबायचं, एवढाच प्रश्न होता. मामा म्हणाले, "कॉलेजात शिकतोस न्हवं, बघ की सरकारी साईटवर काय सांगत्यात."

एका आपत्कालीन सेवेची साईट उघडली. मोबाईलवर ती अर्धीच दिसायची, बोटानं सरकवत राहायचं. 'सूचना' वर क्लिक केलं तर एक पीडीएफ. पीडीएफमध्ये शिक्का मारलेल्या कन्नड कागदाचा वाकडा स्कॅन, आणि त्यावर तारीख मागच्या पावसाळ्याची. खालचा लँडलाईन नंबर लावला, तो अस्तित्वात नाही म्हणाला. शेवटी नदीकडच्या गल्लीतल्या एका पोराला फोन केला. तो म्हणाला, "कठड्याला पाणी लागलंय." जनावरं हलवली.

त्याच दिवसांत यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळूर रस्ता बंद पडला. 2019 च्या ऑगस्टमध्येही हेच झालं होतं. म्हणजे हा प्रश्न कधीतरी येणारा नाही. पाऊस लागला की आपल्याकडं दरवर्षी कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर ही नावं बातम्यांत येतात. कुठला बंधारा आधी पाण्याखाली जातो ते इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. फक्त सरकारी साईटला ते माहीत नसतं.

आता कुणी म्हणेल, झालं, परत भाषेचं गाऱ्हाणं. थांबा जरा. तो स्कॅन माझ्या कन्नड मित्रालाही वाचता आला नाही. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. त्यात शोधता येत नाही, अक्षर मोठं केलं की फुटतं, आणि अंध माणसाच्या फोनमधलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्याच्यापुढं मुकं होतं. केंद्र सरकारनं सरकारी वेबसाइटसाठी 2009 पासून मार्गदर्शक नियम केलेत, 2023 मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. साईट मोबाईलवर नीट चालावी, अपंगांना वापरता यावी, मजकूर ताजा असावा, हे सगळं त्यात आहे. म्हणजे पहिला दोष जुनाटपणाचा आहे, आणि तो कन्नड-मराठी दोघांनाही सारखाच बुडवतो.

भाषेचा मुद्दा त्याच्यानंतर येतो, पण येतोच. वेदगंगेवरचं पाटगाव धरण महाराष्ट्रात, दूधगंगेवरचं काळम्मावाडीही महाराष्ट्रात. तिथून किती विसर्ग सोडला याची माहिती मुळात मराठीत निघते. पाणी सीमा ओलांडून बिनधास्त खाली येतं. माहिती मात्र कोगनोळीच्या टोलनाक्यावर अडकते, आणि पुढं आलीच तर कन्नड किंवा इंग्रजी होऊन येते. मराठीत निघालेली माहिती मराठी माणसापर्यंत मराठीत पोचत नाही, ही गंमत बघा. म्हणून निपाणीतली निम्मी पोरं पावसाळ्यात कोल्हापूरच्या पंचगंगेची पातळी बघत बसतात. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. पंचगंगा आपल्या गावावरून जात नाही, तरी तिचे आकडे आपल्याला तोंडपाठ. का? तर ते समजेल असं कुणीतरी सांगतं म्हणून.

राज्यशास्त्राच्या वर्गात आम्हाला 1956 चं एक निवेदन शिकवलं. भाषावार राज्यं झाली त्या वर्षी केंद्रानं संसदेपुढं भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षणं ठेवली. त्यात म्हटलंय की जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिकेत 15 ते 20 टक्के लोक अल्पसंख्य भाषा बोलत असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही काढाव्यात. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे 18 टक्क्यांच्या वर आहेत. पुराच्या इशाऱ्यापेक्षा महत्त्वाची सूचना कुठली असते, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

हे निवेदन म्हणजे कायदा नव्हे, असं उत्तर मिळतं. बरं, मग कायदा घ्या. माहितीचा अधिकार कायदा 2005, कलम 4(4): स्वतःहून जाहीर करायची माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सगळ्यात परिणामकारक ठरेल ती पद्धत लक्षात घ्यायची. आपत्ती व्यवस्थापन कायदाही 2005 चाच. त्याच्या कलम 30 प्रमाणं पूर्वसूचनेची यंत्रणा उभारणं, तपासत राहणं आणि सुधारणं हे जिल्हा प्राधिकरणाचं काम आहे.

वेल्समध्ये पुराचे इशारे इंग्रजी आणि वेल्श दोन्ही भाषांत निघतात. तिथं वेल्श बोलणारे अल्पसंख्यच आहेत आणि बहुतेकांना इंग्रजी येतं, तरीही. आणि हे फक्त आपल्यापुरतं मागून भागणार नाही. जत आणि अक्कलकोटमध्ये कन्नड बोलणारी गावं आहेत, त्यांना महाराष्ट्राच्या साईटवर कन्नडमध्ये इशारा मिळायला हवा. हे आपण मोठ्यानं म्हटलं नाही, तर आपली मागणी अर्धी खोटी ठरते.

भाषांतराला खर्च येतो म्हणतात. रोज बदलणारा मजकूर असतो किती? पूल चालू की बंद, पाणी चढतंय की उतरतंय, निवारा कुठल्या शाळेत, फोन कुठं करायचा. वीस-पंचवीस वाक्यं एकदा माणसाकडून नीट मराठीत करून ठेवा आणि गावाचं नाव, वेळ, आकडा बदलत राहा. मशीनवर सगळं सोपवू नका, 'स्थलांतर करा' च्या जागी भलतंच काही छापून यायचं. इशाऱ्यांसाठी जगभर वापरतात त्या प्रमाणित पद्धतीत एकाच इशाऱ्यात अनेक भाषा घालायची सोय आधीपासून आहे.

आणखी एक. नुसते क्युसेक सांगू नका. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, हे मला गणित करून कळतं. माझ्या मामींना पंचवीस हजार क्युसेकनं काय कळणार? त्यांना घाटाची पायरी कळते, मारुतीचं देऊळ कळतं. साईट नवी करणाऱ्या कंत्राटदाराला हे कोण सांगणार? तो बेंगळूरला बसून फिरते फोटो आणि चकचकीत बटणं लावेल, आणि आपण नवी साईट आली म्हणून टाळ्या वाजवू.

आम्ही चौघं-पाच जण मिळून कलम 4(4) च्या आधारे माहिती अधिकाराचा अर्ज लिहितोय. अर्जासोबत एक यादी जोडायची आहे: गाव, आधी बुडणारा पूल किंवा बंधारा, आणि पाणी कुठल्या खुणेला लागलं की घर सोडायचं ती खूण. निपाणी आणि चिकोडी तालुक्यातली सतरा गावं झालीत. नदीकाठची बाकी गावं राहिलीत, हिरण्यकेशी आणि मार्कंडेयकडची तर एकही नाही. तुमच्या गावची खूण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून कळवा. मे संपायच्या आत अर्ज द्यायचा आहे.