थ्रेड : १८९३ पुरे झाले! शहापूर-मुरबाडच्या घरातील गौरी-गणपतीला वेगळा इतिहास आहे

१/ भाद्रपद आला की इतिहासप्रेमींच्या टाइमलाइनवर दरवर्षी एकच वाद पेटतो : गणेशोत्सव टिळकांनी सुरू केला की भाऊसाहेब रंगारींनी? १८९२ की १८९३? दहा दिवस पुरावे एकमेकांच्या अंगावर फेकले जातात आणि विसर्जनाबरोबर वादही बुडतो. माझे म्हणणे स्पष्ट आहे. घरगुती उत्सवाला हा प्रश्न लागूच पडत नाही, आणि तोच तो विचारत राहिल्याने ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचा मोठा इतिहास आपल्या नजरेआड झाला आहे.

२/ आधी ज्याचे श्रेय त्याला. पुण्यात १८९२ साली रंगारींचा गणपती बसला, १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत उत्सव सुरू झाला, टिळकांनी 'केसरी'तून या उपक्रमाला बळ दिले आणि त्याला राजकीय अर्थ दिला. हे मोठेच कार्य. परंतु 'सार्वजनिक' या विशेषणातच उत्तर दडलेले आहे. जे आधीपासून घरात होते, तेच चौकात आणले गेले. घरात गणपती बसत नसता, तर चौकात आणला असता कोठून?

३/ आता शहापूर आणि मुरबाडकडे वळू. आपल्यापैकी बहुतेकांसाठी शहापूर म्हणजे माहुली : १६३६ साली मोगल-आदिलशाही फौजांच्या वेढ्यानंतर शहाजीराजांना सोडावा लागलेला किल्ला. मुरबाड म्हणजे नाणेघाट, सिद्धगड, गोरखगड. शनिवारी रात्री निघायचे, रविवारी गड पाहायचा, छायाचित्रे टाकायची. गडाच्या पायथ्याच्या घरात भाद्रपदात काय घडते, हे मात्र आपण 'इतिहास' या सदरात धरतच नाही.

४/ काय घडते? चतुर्थीला मूर्ती पाटावर बसते. दोन-तीन दिवसांनी अनुराधा नक्षत्रावर गौर येते. कोकणपट्टीतील अनेक घरांत ही गौर मुखवट्याची नसते. रानात, बांधावर, डोंगरउतारावर फुललेला तेरडा मुळांसकट उपटायचा, धुवायचा, त्याची जुडी बांधायची : हीच गौर. तिची मुळे म्हणजे गौरीची पावले. म्हणून ती मुळे तोडायची नसतात. दाराशी तिच्या पायांवर पाणी घालून तिला पावलापावलाने आत आणायचे, आणि हे सारे बायकांनी करायचे.

५/ 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण आपण चंचल माणसाला उद्देशून वापरतो. गौरीचा मुक्कामही तीन दिवसांचाच असतो : अनुराधेला आवाहन, ज्येष्ठेला पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. रानातील फुलाचे आयुष्य आणि देवीचा मुक्काम यांचे माप जेथे एकच आहे, तेथे सजावट आणि दैवत या दोन वेगळ्या गोष्टी उरत नाहीत. मखराला लावलेली पाने ही शोभा. तेरडा ही साक्षात गौर.

६/ येथे एक पुरावा तपासा. छापील पूजापोथ्यांतील एकवीस पत्रींची रूढ यादी काढा. बेल, दूर्वा, आघाडा, शमी, माका, रुई, अर्जुन... आणि देवदार. देवदार हिमालयातला वृक्ष. मुरबाडच्या कोणत्याही डोंगरावर तो उगवत नाही. तेरडा त्याच महिन्यात दारापर्यंत फुललेला असतो, पण त्या यादीत त्याला जागा नाही. पोथी आपल्या वाटेने आली आणि रान आपल्या वाटेने. घरातल्या पाटावर दोघांची गाठ पडली. या दुसऱ्या वाटेचा इतिहास कोणी लिहिला?

७/ 'ही तर अनादी काळापासूनची परंपरा' असे म्हणून हात झटकणाऱ्या दुसऱ्या गटालाही थांबवतो. मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढून जा. सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा तेथील ब्राह्मी लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. गणपतीचे नाव त्यात नाही. आरंभी गणेशाला वंदन करण्याची रीत नंतरची. परंपरेला वय असते, थर असतात. 'अनादी' म्हणणे म्हणजे ते थर मोजायला नकार देणे.

८/ म्हणजे एका गटाला सारे काही १८९३ साली जन्मलेले हवे, तर दुसऱ्याला ते कधीच न जन्मलेले हवे. दोन्ही गटांची सोय एकच : कोणालाही घरात डोकवावे लागत नाही. पहिल्याला वृत्तपत्रांच्या फायली पुरतात, दुसऱ्याला श्रद्धा पुरते. तेरडा कोठून येतो, कोण आणते, ते रान आता कोणाच्या ताब्यात आहे, हे प्रश्न दोघांनाही पडत नाहीत.

९/ घर हे इतिहासाचे दुय्यम ठिकाण आहे असे वाटत असेल, तर याच किनारपट्टीच्या दक्षिण टोकाला, गोव्यात पाहा. तेथे काही कुटुंबांत आजही मातीच्या मूर्तीऐवजी पत्रीचा किंवा कागदावरील गणपती पुजतात. पोर्तुगीज राजवटीत मूर्तिपूजेवर आलेल्या बंदीशी ही प्रथा जोडली जाते. डोक्यावर रानफळांची माटोळी, खाली पाने. मूर्ती दिसली तर धोका. पाल्याची जुडी कोणाला संशयास्पद वाटणार? चौकात जे टिकू शकले नसते, ते घराने आणि रानाने टिकवले.

१०/ आता पर्यायी सनावळी मांडतो. शहापूर-मुरबाडच्या घरगुती उत्सवाचा इतिहास लिहायचा असेल, तर १८९३ च्या आधी दोन साले पाठ करा : १८७८ आणि १८९२. पहिले जंगलाचे, दुसरे पाण्याचे.

११/ १८७८ : भारतीय वन कायदा. जंगलांची 'राखीव' आणि 'संरक्षित' अशी वर्गवारी झाली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट ही सरकारी सवलत ठरली. ठाणे जिल्ह्यात याचा सर्वांत जिव्हारी लागणारा परिणाम झाला तो 'राबा'वर. राब म्हणजे झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत व शेण यांचा थर शेतात जाळून भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणे. डहाळी तोडणे गुन्हा झाला, तर रोप कशावर वाढवायचे?

१२/ असंतोष इतका वाढला की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी सरकारला १८८५ साली मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली आला. म्हणजे चौकातील गणपतीच्या काही वर्षे आधी या भागाचा एक सार्वजनिक प्रश्न ऐरणीवर आला होता, आणि तो पानांचा होता. आपल्या किती जणांनी त्यावर एखादा थ्रेड वाचला आहे?

१३/ 'पण राबाचा उत्सवाशी काय संबंध?' सरळ संबंध आहे. राबावर रोप, रोपावर भात, भातावर नैवेद्याचे ताट. श्रावणापर्यंत लावणी उरकते, भाद्रपदात शेत पोटरीला येऊ लागते आणि घराला चार दिवसांची उसंत मिळते. त्या उसंतीत गौर येते. भाताच्या देशात हा सण भाताच्या वेळापत्रकावर चालतो. ज्या कायद्याने पाल्यावर हात ठेवला, त्याने एकाच वेळी शेतावर आणि देव्हाऱ्यावर हात ठेवला.

१४/ १८९२ : तानसा धरण. शहापूर तालुक्यातील तानसा नदीचे पाणी मुंबईकडे वाहू लागले. सन पुन्हा पाहा. केशवजी नाईक चाळीत गणपती बसला त्याच्या आदल्याच वर्षी. पुढे वैतरणेवर मोडकसागर झाला, भातसा झाला, आणि आज मुंबईच्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा भातसाचा आहे. शहापूरच्या पाड्यांत मात्र उन्हाळ्यात टँकर येतात. मुंबईच्या उत्सवाचा इतिहास सांगताना शहापूरचे नाव येत नाही, याला विस्मरण म्हणायचे की सोय?

१५/ पाण्यापाठोपाठ पालाही जातो. सणाच्या आदल्या दोन-तीन दिवसांत कसारा, खर्डी, आटगाव, आसनगावहून पहाटेच्या लोकलने भारे घेऊन निघणाऱ्या ठाकूर, कातकरी, वारली बाया कल्याण, ठाणे, दादरच्या बाजारात बसतात. मुरबाडला रेल्वे नाही. तिकडचा माल एसटीने किंवा टेम्पोने कल्याण गाठतो. तेरडा, दूर्वा, आघाडा, केळीची पाने. शहराला 'पारंपरिक' सण साजरा करता येतो तो या पाटीमुळे. आणि तिच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस होते.

१६/ ही मंडळी उपकार मागत नाहीत. शहापूर हा संपूर्ण तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा अधिकार मान्य केला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फुटपाथवर बसणाऱ्यालाही संरक्षण दिले. कागदावर तेरडा तिचा आहे. बाजारात ती अजूनही 'उठ इथून' ऐकते.

१७/ याच्या शेजारी आपली सजावट ठेवून पाहा. मार्च २०१८ मध्ये राज्याने थर्माकोलवर बंदी आणली. त्याच वर्षी मखरांसाठी सवलत द्यायला उच्च न्यायालयाने नकार दिला. मग 'इको-फ्रेंडली थीम' आली, आणि तिच्यात सर्वांत लाडकी ठरली 'वारली थीम'. लग्नघरात सुवासिनी तांदळाच्या पिठाने जो चौक लिहितात, त्यातल्या आकृती फ्लेक्सवर छापून गणपतीच्या मागे लावायच्या आणि वारली बाईकडून तेरडा घेताना भाव पाडायचा. हिला परंपरेचे जतन म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे.

१८/ आणखी एक खोड अलीकडे वाढली आहे : शुद्धीकरणाची. कोकणपट्टीतील आगरी, कोळी, कुणबी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा अनेक घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मासे-मटणाचा नैवेद्य असतो. माहेरवाशिणीला घरात जे उत्तम शिजते ते वाढायचे, हा त्यामागचा साधा न्याय. हे 'आपल्या संस्कृतीत बसत नाही' असे जे आज ठणकावून सांगतात, ते परंपरेचे रक्षक नाहीत. ते एका घराची रीत पुसून दुसऱ्या घराची रीत तिच्या जागी बसवत आहेत.

१९/ अपेक्षित आक्षेप : 'म्हणजे आदिवासी आपलेच, त्यांची गौरही आपलीच, झाले ना?' इतकी घाई नको. तेरडा विकणाऱ्या बाईचे दैवत तुमच्या पाटावरचेच असेल असे गृहीत धरू नका. वाघदेव, हिरवा, कणसरी ही तिच्या जगातील दैवते आहेत; वाघबारस हा तिचा मोठा दिवस आहे. ठाणे-पालघरच्या पाड्यांत गौरीचा नाचही आहे, आणि त्याचा अर्थ तेथील लोकच सांगू शकतात. तिला कोणत्या नावाखाली मोजायचे हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे नाही. तिच्या श्रमाची नोंद करण्याची जबाबदारी मात्र आहे.

२०/ म्हणून या भाद्रपदात १८९२-९३ च्या वादात शंभरावी प्रतिक्रिया लिहिण्याऐवजी एक वही घ्या. घरातील सर्वांत वृद्ध बाईला विचारा : गौर कशाची होती? कोठून आणायची? कोण आणायचे? वाटेत कोणाचे रान, कोणाचे शेत लागायचे? ते रान आज आहे का, की तिथून रस्ता गेला? नैवेद्य काय असायचा, आणि तो कधी, कोणाच्या सांगण्यावरून बदलला? गाव, तालुका आणि तारीख घालून लिहून ठेवा.

२१/ हे दस्तऐवज कोणत्याही दफ्तरात मिळणार नाहीत. टिळकांचे लेख ग्रंथालयात सुरक्षित आहेत आणि ते शंभर वर्षांनीही वाचता येतील. कोणत्या उताराचा तेरडा आधी फुलतो हे ज्या आजीला ठाऊक आहे, ती शंभर वर्षे थांबणार नाही. आपापल्या घरची गौर कशाची, हे खाली गाव-तालुक्यासह लिहा. शहापूर, मुरबाड, वाडा, जव्हार, भिवंडीकरांनी अवश्य लिहा. या प्रतिसादांची तालुकानिहाय यादी करून ती पुढच्या थ्रेडमध्ये मांडेन.

(समाप्त)

#इतिहास #गौरीगणपती #शहापूर #मुरबाड