कलई, पापुद्रा आणि क्वांटम संगणक



एका भगिनीने विचारले आहे, "मुलगी रसायनशास्त्र घेते म्हणते. सगळे म्हणतात, पुढचा जमाना संगणकाचा. मग हे घेऊन ती काय करणार?" आजचा विषय त्यांच्यासाठीच निवडला आहे.

क्वांटम संगणकाबद्दल आपण ऐकतो. त्याचा मूळ घटक म्हणजे क्युबिट. साधा बिट ० किंवा १ असतो, क्युबिट दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. पण ही अवस्था फार नाजूक. ती टिकते तेवढ्यातच गणित उरकावे लागते. १९९९ मध्ये जपानमध्ये नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी बनवलेल्या अतिवाहक क्युबिटमध्ये ती जेमतेम काही नॅनोसेकंद टिकली.

ती मोडते कशाने? हे क्युबिट उणे २७३ अंशांच्या अगदी जवळ थंड ठेवतात, म्हणजे उष्णतेचा उपद्रव जवळजवळ राहत नाही. उरतो तो पदार्थातला दोष. स्वयंपाकघरातले ॲल्युमिनियमचे पातेले पाहा. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा न दिसणारा पापुद्रा चढतो. पातेल्याला तो राखतो, क्युबिटला मात्र नडतो. या पापुद्र्यात अणू नीट रांगेत नसतात. काही ठिकाणी ते दोन जागांमध्ये हेलकावत राहतात आणि क्युबिटची ऊर्जा शोषून घेतात. २०२५ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी जॉन मार्टिनिस यांच्या गटाने २००४-०५ च्या सुमारास हे दोष उजेडात आणले. अडचण अशी, की ॲल्युमिनियमच्या दोन थरांमधला ऑक्साइड हाच क्युबिटचा गाभा आहे. म्हणजे तो पुरता काढूनही चालत नाही.

मग निदान बाकीचा पृष्ठभाग तरी सुधारावा, म्हणून अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात धातूच बदलला. टँटलमच्या पापुद्र्यात दोष कमी, शिवाय तीव्र आम्लाने घासूनपुसून धुतले तरी तो धातू खराब होत नाही. २०२१ मध्ये तिथे क्युबिट ०.३ मिलिसेकंद टिकला, २०२५ मध्ये एक मिलिसेकंदापेक्षा जास्त. टँटलम वापरून पाहा, असे सुचवणारे रॉबर्ट कावा हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक!

आपल्या मोहल्ल्यातले कलईवाले चाचा आठवा. भांडे आधी स्वच्छ करायचे, तापवून नवसागर टाकायचा, वरचा पापुद्रा निघाला की मगच कथील धरते. काम कलईचे असो की क्युबिटचे, पृष्ठभाग आधी साफ हवा.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही असे क्युबिट तयार होतात. तिथे संगणकाची भाषा जाणणारे लागतात, तसेच धातू आणि आम्ले ओळखणारेही.

तेव्हा भगिनी, मुलीला अडवू नका. तिला मनापासून शिकू द्या. इन्शाअल्लाह, तिचे शिक्षण वाया जाणार नाही.