लोखंडाचा भाव आणि सायकलचा भाव

पावसाळ्याच्या तोंडावर माणगावला गेलो होतो. परतीच्या एस.टी.ला अवकाश होता म्हणून महामार्गाच्या कडेने थोडा चालत निघालो, तर एका भंगाराच्या दुकानापुढे तीन सायकली काट्यावर चढवण्याचे काम चालले होते. एक माणूस पान्याने सीट काढून बाजूला टाकत होता, दुसरा सुरीने टायर कापत होता. काट्याला रबर नको होते, रेक्झिन नको होते. हवे होते ते फक्त लोखंड. तिसरी सायकल लेडीज बनावटीची, काळ्या रंगाची होती. तिच्या टायरला अजून सुरी लागली नव्हती. मी तिचे पुढचे चाक उचलले, हाताने एक झोका दिला आणि सोडले. चाक बराच वेळ फिरत राहिले. थांबता थांबता थोडे मागे आले, पुन्हा पुढे गेले आणि व्हॉल्व्ह खाली येऊन मग स्थिर झाले.

मित्रांनो, ही गोष्ट दिसते त्याहून मोठी आहे. व्हॉल्व्हचे वजन ते किती! एवढ्याशा वजनाने सबंध चाक मागे खेचले जाते, याचा अर्थ त्याच्या हबमधील छर्रे आणि कोन यांच्यात घर्षण जवळजवळ नाहीच. म्हणजे यंत्र म्हणून ते चाक उत्तम होते. आणि काट्यावर त्याची किंमत गंजलेल्या पत्र्याइतकीच होती.

मला या लेखात एवढेच म्हणायचे आहे की, सायकलची किंमत तिच्या लोखंडात नसते. त्या लोखंडाला दिलेल्या आकारात आणि एका भागाचा दुसऱ्या भागाशी बसवलेल्या मेळात असते. सायकल वितळवली की लोखंड वाचते, पण आकार आणि मेळ दोन्ही नाहीसे होतात. म्हणून चालण्याजोगी जुनी सायकल भंगारात जाता कामा नये. ती दुरुस्त करून पुन्हा विकली गेली पाहिजे.

तुम्ही म्हणाल, वितळवलेले लोखंड तरी कोठे वाया जाते? ते जात नाही, हे खरे. जालन्यासारख्या ठिकाणी भंगारापासून बांधकामाच्या सळया करणारे कारखाने आहेत, आणि खनिजापासून नवे पोलाद करण्यापेक्षा भंगार वितळवणे पुष्कळच बरे. शुद्ध लोखंड सुमारे १५३८ अंश सेल्सियसला वितळते. एक टन भंगार विजेच्या भट्टीत वितळवायला ढोबळ मानाने पाचशे युनिट वीज लागते असे धरा. साधी काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. मग तिच्या वाट्याला किती युनिट आले? फक्त दहा! एवढी वीज तर घरातला एक पंखा काही दिवसांत वापरतो. ‘सायकल वितळवण्यात भयंकर ऊर्जा जाते’ असे सांगणारा माणूस बहुधा हिशेब न करताच सांगतो.

खरा तोटा वेगळ्या जागी आहे. त्या वीस किलोंच्या सळईपासून पुन्हा सायकल करून दाखवा म्हटले, तर काय काय करावे लागेल? पोलादाचा पातळ पत्रा लाटायचा, तो वळवून नळी करायची, नळ्या खोबणीत बसवून पितळ वितळवून जोडायच्या, तारा ओढायच्या, रिमला निकेलचा आणि क्रोमचा मुलामा द्यायचा. चेनच्या शंभराहून अधिक कड्यांतील प्रत्येक पिन कठीण करायची. आणि छर्रे! मागच्या चाकातला पाव इंचाचा छर्रा हातात घेऊन पाहा. त्याच्या जोडीच्या छर्ऱ्याशी तो इतका तंतोतंत जुळवलेला असतो की आपल्या डोळ्यांना वा बोटांना फरक कळणे शक्य नाही. हे सारे श्रम, ही सारी कारागिरी भट्टीत क्षणात पुसली जाते आणि उरते ती स्लॅबमध्ये गाडायची सळई.

दुसरी एक गोष्ट सायकलला इतर यंत्रांपासून वेगळी काढते. मुंबईत वरळीला एके काळी हिंद सायकलचा कारखाना होता. तो कधीच बंद झाला. ॲटलास कंपनीचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी थांबला, आणि योगायोग असा की ३ जून हा जागतिक सायकल दिन आहे. पण म्हणून ॲटलासची सायकल निकामी झाली का? नाही. तिला लागणारा २८ बाय दीड इंची टायर हे काही त्या कंपनीचे गुपित नव्हते. आपल्याकडच्या बहुतेक काळ्या सायकलींचे तेच माप. चेनच्या कडीचे माप अर्धा इंच, तेही सर्वांचे एकच. जुन्या पद्धतीच्या सायकलच्या तारा मोजा: पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४०. एका कंपनीचा भाग दुसरीच्या सायकलला बसतो, म्हणून कंपनी मेली तरी सायकल जगते. तुमच्या घरातला पाच वर्षांपूर्वीचा मोबाइल फोन घेऊन दुकानात जा आणि त्याला दुसऱ्या कंपनीची बॅटरी बसवून मागा, म्हणजे मापांच्या प्रमाणीकरणाचे मोल समजेल. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी सायकलींचे संग्रहालय उभे केले आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानातून उडी घेणाऱ्या सैनिकांसाठी बी.एस.ए. कंपनीने केलेली घडीची सायकल तेथे पाहायला मिळते. संधी मिळाली तर शाळेची सहल तिकडे न्यावी.

आता माणगावकडे परत येऊ, कारण तिथे सायकलचा एक खरा शत्रू आहे, तो म्हणजे गंज. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरीने तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढणारच. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, म्हणून तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा हवेला उघडे पडते. याच माणगाव तालुक्यात विळे-भागाडच्या औद्योगिक क्षेत्रात पॉस्को कंपनीच्या कारखान्यात २०१२ पासून जस्ताचा मुलामा दिलेले पोलादी पत्रे तयार होतात. जस्त स्वतः आधी झिजते आणि आतल्या लोखंडाला वाचवते. सायकलच्या नळीला मात्र असे कवच नसते. तिला बाहेरून रंग असतो आणि आतून बहुधा काहीच नसते. सीटच्या दांड्याजवळून पाणी आत उतरते आणि पॅडलच्या कण्याभोवतीच्या नळकांड्यात साठते. सायकल आतून कुजते ती तिथे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा सायकल उलटी करून पाणी निथळू द्या आणि सीटच्या दांड्याला वंगण लावा. दहा वर्षांचे आयुष्य वीस होईल असे मी म्हणत नाही, पण वाढेल हे नक्की.

गंज कोठे चढला यावरच सायकल विकायची की वितळवायची हे ठरते. मडगार्ड सडले, चेन तांबडी झाली, ब्रेकचे दांडे आखडले, रिमवर ठिपके आले, हे सगळे बदलता किंवा घासता येते. पण चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुबेळका भाग, वाकला असेल किंवा हँडलच्या खालच्या सांध्याजवळ रंगात केसासारखी भेग दिसत असेल, तर ती सायकल कोणालाही विकू नये, फुकटही देऊ नये. वेल्डिंग करून चालवू पाहाल तर उतारावर चिमटा तुटून तोंडावर पडाल. चिमटा बदला, सांगाडाच फुटला असेल तर खुशाल भंगारात घाला. भंगारवाल्याला मी नावे ठेवत नाही. गावाचा कचरा उचलून भट्टीपर्यंत पोचवणारा तो उपयुक्त माणूस आहे. माझी तक्रार आपल्याबद्दल आहे. आपण त्याच्याकडे जातो ते आधी सायकलच्या मिस्त्रीकडे न जाता.

का जात नाही? मोटारसायकल आली की सायकल पडवीत जाते. दोन पावसाळे ती तिथे उभी राहते, टायरला चिरा पडतात. मग एक दिवस जागा अडते म्हणून ती वजनावर दिली जाते. थोडा हिशेब मांडू. आकडे मी समजुतीसाठी धरलेले आहेत. तुमच्या गावातले भाव विचारून तुम्ही ते बदला. समजा भंगाराचा भाव किलोला २५ रुपये. वीस किलोंचे झाले ५०० रुपये. मिस्त्रीने तीच सायकल ७०० ला घेतली. दोन टायर-ट्यूब, चेन, ब्रेकची रबरे आणि ओव्हरऑइलिंग मिळून सामानाचे १२०० आणि त्याच्या मजुरीचे ५०० लागले. अडीच हजारांना विकली तरी मालकाला २०० रुपये जास्त मिळाले, मिस्त्रीला मजुरी सुटून १०० उरले, आणि घेणाऱ्याला नवीच्या निम्म्याहून कमी पैशात सायकल मिळाली. यात दानधर्म कोणीच केलेला नाही. मला ते महत्त्वाचे वाटते. जुन्या सायकली गोळा करून वाटण्याचे उपक्रम चांगलेच. पण दाता थकला की वाटप थांबते. ज्यात मिस्त्रीचे घर चालते तो धंदा पुढच्या वर्षीही चालू राहतो.

आणि घेणारा कोण? वाडीवरून चार-पाच किलोमीटर चालत हायस्कूलला येणारी मुले-मुली तुमच्या वर्गातही असतील. पाच किलोमीटर चालायला एक तास, सायकलने वीस-पंचवीस मिनिटे. एस. एस. विल्सन यांनी १९७३ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात दाखवून दिले होते की, तेवढेच अंतर कापायला सायकलवरच्या माणसाला चालणाऱ्याच्या जवळपास एक-पंचमांश ऊर्जा पुरते. या बाबतीत कोणताही प्राणी वा यंत्र त्याची बरोबरी करीत नाही. बिहार सरकारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढलेले आढळले, आणि जेथे शाळा तीन किलोमीटर किंवा अधिक दूर होती तेथे परिणाम जास्त दिसला. सायकल नसली म्हणून शाळा सुटते, यात अतिशयोक्ती नाही. म्हणूनच काट्यावर चढलेली ती लेडीज सायकल पाहून मला वाईट वाटले.

जपानमध्ये रेल्वे स्टेशनांभोवती लोक सायकली सोडून जातात. नगरपालिका त्या उचलतात, ठरावीक मुदतीत मालक आला नाही तर त्यांतील चांगल्या निवडून काढतात. अनेक गावांत त्या दुरुस्त करतात निवृत्त झालेली वडील माणसे, त्यांच्यासाठी चालवलेल्या रोजगार केंद्रांतून, आणि मग त्या स्वस्तात विकल्या जातात. आपल्याकडे माणसे आहेत, कौशल्य आहे. नाही ती फक्त जुनी सायकल आणून ठेवायची जागा. ती शाळा का होऊ नये? मे महिन्यात एक रविवार ठरवा. गावातला मिस्त्री बोलवा. ज्याला विकायची त्याने सायकल आणावी. मिस्त्रीने पाहून दुरुस्तीचा खर्च चिठ्ठीवर लिहावा. भाव विकणारा आणि घेणारा यांनी ठरवावा. माणगाव तालुक्यातच लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तिथल्या यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एक दिवस हात काळे करायला बोलावले तर ते नाही म्हणतील असे वाटत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: चोरीची सायकल विकली गेली तर? त्यावर उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे. बहुतेक सायकलींच्या सांगाड्यावर नंबर ठोकलेला असतो, सीटखालच्या सांध्यावर किंवा पॅडलच्या कण्याखाली. तो नंबर, विकणाऱ्याचे नाव व सही, घेणाऱ्याचे नाव व सही, एवढे एका वहीत लिहावे आणि एकेक पावती दोघांना द्यावी. नंबर खरवडलेला असेल तर ती सायकल घेऊच नये.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही. ‘जुनी सायकल? वर्गात हसतील.’ हसतात, हे मी शाळेत असताना अनुभवले आहे. माझी पहिली सायकल तिसऱ्या हाताची होती आणि तिचा हिरवा रंग घरीच ब्रशने फासलेला होता. पण नवी सायकल घेताना कशाला भुलू नये हे तिनेच मला शिकवले. हल्ली स्वस्तातल्या सायकलींना पुढे जाड शॉक ॲब्सॉर्बर आणि मागे गिअर लावलेले असतात. दिसायला रुबाबदार, पण हलक्या प्रतीचा शॉक ॲब्सॉर्बर एकदा सैल झाला की गावातला मिस्त्री हात वर करतो. दुरुस्त होते तीच सायकल दुसऱ्यांदा विकली जाते, म्हणून घेतानाच मिस्त्रीला विचारावे.

विज्ञानाच्या शिक्षकांना एक सुचवतो. घर्षणाचा पाठ शिकवताना वर्गात एक जुनी सायकल आणा आणि चेन मोजायला लावा. चेन वापरून ‘ताणते’ असे म्हणतात, पण लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक पिन आणि तिचे भोक थोडेथोडे झिजते आणि त्या झिजेची बेरीज होते. कडीचे माप अर्धा इंच, तेव्हा चेन ताठ धरून पहिल्या पिनीच्या मध्यापासून पंचविसाव्या पिनीच्या मध्यापर्यंत बरोबर १२ इंच भरायला हवे. पट्टीवर एक सूत, म्हणजे एक-अष्टमांश इंच, जास्त भरले तर चेन बदलायला झाली. माणगावच्या त्या सायकलची चेन मी मोजली होती. एक सुताहून थोडी जास्त भरली. बाकी मागच्या चाकाचा आउट काढावा लागला, दोन तारा आणि एक कॉटर पिन नवी घातली. दुकानदाराने वजनाच्या भावावर शंभर रुपये अधिक घेतले आणि ‘हिचं काय करणार?’ म्हणून दोनदा विचारले.