सत्कार पुरे, आता प्रवेशनिधी उभारा!

काटोलच्या न्यायालयात आम्ही वकिली करतो. दरवर्षी जून-जुलै आला की संत्र्याच्या बागेत मजुरी करणारे आईबाप पोराच्या अभियांत्रिकी प्रवेशाचे प्रतिज्ञापत्र करायला येतात. गुणपत्रिका पाहून आमची छाती फुगते. बापाचा प्रश्न मात्र ठरलेला, "वकीलसाहेब, स्कॉलरशिप केव्हा भेटन?"

सारे दुखणे याच प्रश्नात आहे. शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत. परंतु खोलीभाडे, खानावळ, पुस्तके यांना हा आदेश लागू नाही. स्वाधार योजनेची रक्कमही नंतर मिळते. प्रवेशाची तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही.

2024 साली मुजफ्फरनगर जिल्ह्यातील एका दलित मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. 17 हजार 500 रुपये मुदतीत भरता आले नाहीत आणि जागा गेली. 30 सप्टेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम 142 खालील अधिकार वापरून ती परत दिली. न्याय मिळाला, पण काटोल-नरखेडचे किती बाप दिल्लीपर्यंत पोहोचतील?

आमच्या समाजाने उच्च विज्ञान व तंत्रशिक्षण घ्यावे आणि त्याचा खर्च सरकारने करावा, अशी मागणी बाबासाहेबांनी 1942 च्या निवेदनात व्हाइसरॉयकडे केली. केवळ कला आणि कायद्याच्या शिक्षणाने भागणार नाही, हे एका बॅरिस्टरने सांगितले! सरकारकडून हक्काचे घेऊच. पण मधली पोकळी कोण भरणार?

नागपुरात बाबासाहेबांच्या नावाने अभियंत्यांची 'बानाई' ही संघटना आहे. त्याच वाटेने प्रत्येक तालुक्यात स्वयंसेवकांचा गट हवा. शंभर नोकरदारांनी महिना 500 रुपये दिले तर वर्षाला 6 लाख होतात. 17 हजार 500 च्या हिशेबाने 34 मुलांचे प्रवेश वाचतात. नोकरी लागल्यावर मुलाने ती रक्कम पुढच्या मुलासाठी परत करावी. संस्था रीतसर नोंदवावी, पावतीशिवाय रुपया घेऊ नये, हिशेब भरसभेत वाचावा.

गुणवंतांच्या सत्कारावर आम्ही शाली, हार, मंडप, भोजन असा खर्च करतो. त्याऐवजी जानेवारीतच मेळावा घ्या. जात वैधता आणि उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज तिथेच भरून घ्या. व्यासपीठावर पुढाऱ्यांऐवजी आपले अभियंते बसवा. कोणती शाखा घ्यावी, हे ते मुलांना सांगतील.

विसाव्या भागाची भाषा आम्ही भाषणात पुष्कळ केली. आता पावती फाडू या. पहिली पावती आमच्या नावाची असेल.

जयभीम!