जोतं किती उंच?



आमचं अहमदपूर लातूर जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगांत. इथल्या मुलांना पाण्याबद्दल विचारलं, की आधी टँकरच आठवतो. एप्रिल २०१६मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हेही त्यांनी घरी ऐकलेलं असतं. म्हणून मी फळ्यावर ‘पूर’ हा शब्द लिहिला, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आपल्याकडं कुठला आलाय पूर? तो तिकडं कोल्हापूर-सांगलीला!"

वर्ग हसला. एक मुलगी मात्र हसली नाही. तिचं घर ओढ्याच्या काठी आहे. ती उभी राहिली नि हळूच म्हणाली, "बाई, आमचं वासरू गेलं की पुरात."

वर्ग एकदम गप्प!

ही ऑगस्ट २०२५ची गोष्ट. रात्रभर पाऊस कोसळत होता. पहाटे पाणी अंगणात शिरलं. वडिलांनी आजीला पाठीवर घेतलं, आईनं लेकरांना धरलं आणि सगळे उंचावरच्या देवळात गेले. गडबडीत गोठ्यातल्या वासराचं दावं सोडायचं राहून गेलं. "सुटं असतं तर आलं असतं बाई, आमच्या मागं मागं," ती म्हणाली.

त्या दिवशी गणिताच्या तासाला आम्ही पाऊसच मोजायला घेतला. त्याच महिन्यात, १७ तारखेच्या रात्री, शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात सुमारे २०० मिलिमीटर पाऊस झाला. लेंडी नदीचं पाणी फुगलं. हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगोली ही गावं पाण्यानं वेढली गेली. माणसं दगावली, गुरं वाहून गेली. मदतीला सैन्याचे जवान बोलवावे लागले.

आता २०० मिलिमीटर म्हणजे किती? २० सेंटिमीटर. जेमतेम वीतभर! वीतभर पाण्यात गाव बुडतं का हो? पण हेच वीतभर पाणी एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर रानावर पडलं, तर ते २० लाख लिटर होतं. लातूरला आलेल्या पहिल्या पाणीगाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. म्हणजे अडीच एकरांवर एका रात्रीत तशा चार गाड्या रित्या झाल्या! गावाचं शिवार तर शेकडो हेक्टरांचं. जमीन आधीच भिजून तुडुंब असेल, तर हे पाणी मुरणार कुठं? ते उतारानं धावतं आणि सगळं एकाच ओढ्यात येतं. म्हणून उन्हाळ्यात कोरडाठाक पडणारा ओढासुद्धा दोन-तीन तासांत घरात शिरतो.

मोठ्या नद्यांच्या काठी जलसंपदा विभाग नकाशावर दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण इथं एक गंमत आहे बरं का! एकदा मोठा पूर आला, की आता शंभर वर्षं निर्धास्त, असा याचा अर्थ नाही. एका डब्यात १०० चिठ्ठ्या टाका. त्यातली एकच लाल. दरवर्षी एक चिठ्ठी काढायची आणि परत डब्यात टाकायची. लाल चिठ्ठी लागोपाठ दोन वर्षंही निघू शकते, हो ना?

आमच्या ओढ्याची रेषा काही नकाशावर नाही. ती आजी-आजोबांच्या डोक्यात असते! म्हणून या आठवड्याचा गृहपाठ असा :

१. घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, "आजवर पाणी कुठवर आलं होतं?" तिथं झाडावर किंवा भिंतीवर खडूनं खूण करा.

२. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं. एक टोक त्या खुणेशी धरा, दुसरं आपल्या घराच्या जोत्याशी. जोतं खुणेच्या वर की खाली, ते लगेच कळेल. खाली असेल, तर धान्याची पोती, विजेचे बोर्ड, दप्तरं खुणेच्या वर हवीत. नवं घर बांधणार असाल, तर जोत्याची उंची आधी ठरवा, रंग मागाहून!

३. सातबारा, रेशनकार्ड, आधारकार्ड, शाळेचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवायला मोठ्यांना सांगा.

४. निघायचं ठरलं, तर कुणी काय करायचं ते आजच वाटून घ्या. मेन स्विच आणि गॅस मोठ्यांनी बंद करायचे; तुम्ही स्विचला हात लावायचा नाही. म्हाताऱ्यांना कोण नेणार? जनावरांची दावी कोण सोडणार? जायचं कुठं आणि कुठल्या वाटेनं? मदतीसाठी ११२ हा क्रमांक आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ दारामागं लिहून ठेवा.

आणि एक गोष्ट अगदी पक्की : पुलावरून पाणी वाहत असेल, तर पलीकडे जायचं नाही. गुडघाभर पाणीही वेगात असलं, तर मोठ्या माणसाचे पाय उचलतं. शाळा एक दिवस बुडाली तरी चालेल!

दुसऱ्या दिवशी ती मुलगी काथ्याची दोरी घेऊन आली. वडिलांनी तिला एक गाठ शिकवली होती. जनावर हिसडे देतं तेव्हा ती सुटत नाही, पण मोकळं टोक ओढलं की पोरसुद्धा एका हातानं सोडवू शकतं. मधल्या सुट्टीत तिनं ती बाकाच्या पायाला बांधून सगळ्या वर्गाला शिकवली. मागच्या बाकावरच्या त्या पोरालाही! त्याला तिसऱ्या खेपेला जमली.

मलाही आता येते ती गाठ. तुमच्या घरी गोठा असेल, तर तुम्हीही शिकून घ्या. आणि हो, तुमचं जोतं खुणेच्या वर आहे की खाली, ते मला पत्रानं जरूर कळवा!

तुमच्या,
बाई