पात्रापात्रविचार

दान द्यावें तें पात्र पाहून, असें आपलीं शास्त्रें सांगतात. आणि कल्हई नसलेल्या पितळी भांड्यांत ताक ठेवूं नये, तें कळकतें, असें घरांतील वडील स्त्रिया सांगत आल्या आहेत. हल्लीं घरोघर रक्ततपासणीचे कागद येतात. त्यांच्या बाबतींतहि हाच न्याय लागू पडतो, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें.

रक्त घेणारा मनुष्य एकाच सुईनें तीनचार नळ्या भरतो. त्यांच्या टोपणांचे रंग शोभेकरितां नसतात. प्रत्येक रंग ही आंतील द्रव्याची खूण होय. करड्या टोपणाच्या नळींत फ्लोराइड असतें. तें नसेल तर रक्तपेशी स्वतःच साखर खातात, आणि तासास शेंकडा ५ ते ७ या मानानें ती घटते. जांभळ्या टोपणाच्या नळींत 'ईडीटीए'चा पोटॅशियमयुक्त क्षार असतो. तो रक्तांतील कॅल्शियम बांधून ठेवतो, म्हणून रक्त गोठत नाहीं व पेशी मोजतां येतात. परंतु याच क्षाराचा अंश चुकून दुसऱ्या नळींत गेला, तर पोटॅशियम फार वाढलेलें व कॅल्शियम घटलेलें दिसतें. आणि धडधाकट वृद्ध गृहस्थाच्या हृदयास धोका आहे अशी आवई घरांत उठते! याकरितांच निळी नळी आधीं, जांभळी मागाहून व करडी शेवटीं, असा क्रम ठरलेला आहे.

निळ्या नळींत रक्ताचे ९ भाग व सायट्रेटच्या द्रावणाचा १ भाग असें प्रमाण असतें. नळी अर्धवट भरली कीं तें बिघडतें, व रक्त गोठण्यास वास्तविकपेक्षां अधिक वेळ लागतो असें दिसतें. रक्त पातळ ठेवण्याचें औषध घेणाऱ्या रोग्याची मात्रा अशा आंकड्यावरून कमी केली, तर शिरेंत गांठ होण्याचें भय असतें.

डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटच्या आंकड्याकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. हजारांत सुमारें एखाद्या मनुष्याच्या प्लेटलेट ईडीटीएच्या संगतींत एकमेकींस चिकटतात. यंत्रास ते पुंजके मोजतां येत नाहींत, व आंकडा भलताच खालीं येतो. अशा वेळीं कांचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकानें पाहावें व सायट्रेटच्या नळींत पुन्हां मोजणी करावी, हा उपाय आहे.

उलट प्रकारहि घडतो. अमेरिकेंत शिसें मोजण्याच्या एका यंत्रावर शिरेंतून घेतलेल्या रक्ताचे आंकडे खरे असतात त्याहून कमी येतात, असा इशारा तेथील सरकारनें २०१७ च्या मे महिन्यांत दिला, व कित्येक लहान मुलांची फेरतपासणी करण्यास सांगितलें. पुढें नळीच्या रबरी बुचांतील एका द्रव्याकडे संशयाचें बोट गेलें. खोट्या भयाहून खोटें आश्वासन अधिक घातक, हें आईबापांस सांगावयास नकोच.

यावरून तपासण्याच व्यर्थ, असा अर्थ कोणीं काढूं नये. बहुतेक आंकडे बरोबरच असतात. मात्र रोग्याची प्रकृति एक सांगते व कागद दुसरें, असें दिसल्यास आपल्या मतानें औषध बंद करूं नये अथवा वाढवूं नये. वैद्यांस विचारावें, "रक्त पुन्हां घेऊन पाहावें काय?" सुज्ञ वैद्यास या प्रश्नाचा राग येत नाहीं.