बसवून ठेवलेलं म्हातारपण

"आये, तू बस. आमी करतव." आचऱ्याच्या कुठल्याही वाडीत सत्तरी ओलांडलेल्या बाईला हे दिवसातून कितीदा तरी ऐकावं लागतं. म्हणणाऱ्याची माया खरी असते. जन्मभर खळं सारवलं, विहिरीचं पाणी शेंदलं, आता तिनं आराम करावा असं कुणालाही वाटेल. त्यात ती विसरायला लागली असेल, चुलीवर दूध ठेवून मागीलदारी निघून जात असेल, तर तिला खुर्चीवरून उठूच देत नाहीत. समोर टीव्ही लावला की घरची माणसं निर्धास्त. या मायेनं तिचं नुकसान होतं, हे मला आज स्पष्ट सांगायचं आहे.

ते नुकसान रात्री कळतं. दुपारी जेवल्यावर खुर्चीतच लागलेला डोळा चार वाजले तरी उघडत नाही. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं, आणि तिच्या अंगावर तर दिवसभरात ऊन पडलेलं नसतं. हातपाय दमलेले नसतात. मग रात्री दोन वाजता ती उठते, दाराची कडी काढू लागते, "माका घराक जावचा आसा" म्हणते. असते स्वतःच्याच घरात. सून तिच्यामागे जागी, मुलगा जागा. चार रात्री अशा गेल्या की कुणीतरी झोपेची गोळी आणून देतं. त्या गोळीच्या गुंगीत पहाटे न्हाणीघराकडे जाताना तोल गेला आणि खुबा मोडला, तर पुढची सगळी हालचालच संपते.

भारतात साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे आणि खेड्यांत हे प्रमाण शहरांपेक्षा जास्त आहे, असा देशव्यापी पाहणीचा २०२३चा अंदाज आहे. ब्रिटनमध्ये ७८ हजारांवर लोकांच्या मनगटाला यंत्र बांधून पावलं मोजली. २०२२मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा रोज ३,८०० पावलं चालणाऱ्यांतही स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी दिसला. पुढच्याच वर्षी साठीपुढच्या माणसांच्या बसण्याचा हिशेब आला. दिवसाला दहा तासांपुढे बसणं गेलं की धोका झपाट्यानं चढतो. अर्थात हा आजार ओळखू येण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून माणसाला मंद करतो, त्यामुळे बसण्यानं आजार आला की आजारानं बसवलं, हे अशा पाहण्यांतून पुरतं सुटत नाही. झोप कमी झाल्यानं आजार येतो की आजारानं झोप मोडते, हेही तसंच. पण हिंडण्याफिरण्यानं पाय, रक्तदाब, साखर आणि रात्र सुधारते, यात वाद नाही. त्यामुळे वाट पाहत बसायचं कारण मला दिसत नाही.

शिवाय सगळं बसणं सारखं नसतं. टीव्हीपुढे बसणाऱ्यांत धोका जास्त आणि फावल्या वेळात संगणक वापरत बसणाऱ्यांत कमी, असं २०२२च्या आणखी एका पाहणीत आढळलं. आपल्याकडे संगणकाच्या जागी माडाचं चुडत ठेवा. पडवीत बसून हीर काढणारी आजी बसलेलीच असते, पण तिचे डोळे, बोटं आणि मन कामात असतं. हिरांची जुडी बांधायला ती उठते, सुंभ शोधते, वाटेत कोंबड्यांना हाकते. जुडी वाकडी झाली तर होऊ द्या. विळी-कोयता बाजूला ठेवा, चुलीपाशी कुणीतरी थांबा, पण काम तिच्या हातून काढून घेऊ नका.

काम हातात राहिलं की काय होतं, हे गावपळणीत मला दर वेळी दिसतं. रामेश्वराचा कौल झाला की गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतो. राहुटीत टीव्ही नाही, आणि म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून ठेवायची सोयही नाही. ती जळण गोळा करतात, पोरांवर लक्ष ठेवतात, रात्री गाढ झोपतात. आजार बराच वाढलेल्या माणसाचं मात्र वेगळं. त्याला अनोळखी जागा घाबरवते. त्याला रोजची विहीर, रोजची तुळस, रोजचीच वेळ लागते.

मोठ्या दुखण्याला आपण सिंधुदुर्गकर गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठतो. गोव्याकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसवाडी-बार्देशात स्मृतिभ्रंशाच्या ८१ कुटुंबांबरोबर काम केलं, ते २००८मध्ये प्रसिद्ध झालं. थोडं प्रशिक्षण दिलेली साधी माणसं घरी जाऊन सल्ला देत होती. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण हलका झाला. पुढे गोव्यातच उदासीनतेची सुरुवात असलेल्या १८१ ज्येष्ठांसोबत आणखी एक प्रयोग झाला. त्यात समुपदेशकांनी झोपेच्या सवयींवरही काम केलं आणि वर्षभरात गंभीर नैराश्य बरंच कमी जणांना आलं. दोन्हीकडे मुख्य काम तज्ज्ञ डॉक्टरांनी केलं नव्हतं.

आचऱ्यात आशाताई घरोघरी जातातच. बाळंतिणीची, तापाची चौकशी करतात. त्यांना तेवढं प्रशिक्षण आणि त्याचा वेगळा मोबदला मिळाला, तर त्या आणखी दोन गोष्टी विचारू शकतील: आजी रात्री कितीदा उठते आणि दिवसा खळ्यात किती वेळ असते. तिसरा प्रश्न सुनेला, तू कधी झोपतेस. येत्या ग्रामसभेत ही मागणी ठरावाच्या रूपानं लिहून द्यावी.